पाठीवरची चेन

शिरीष सरांनी पोतं माझ्यासमोर टेबलावर पालथं केलं. आकाशी रंगाच्या डांगऱ्या. माझ्याच युनिटमध्ये शिवलेल्या, मानेला माझंच लेबल. वापरलेल्या होत्या, धुतलेल्या नव्हत्या. केबिनभर घामाचा आणि संत्र्याच्या पावडरचा आंबूस वास पसरला.

"मॅडम, तुमच्या कापडाने आमच्या बायका आजारी पाडल्यात."

"काय झालंय बायकांना?"

"ते आपलं... लेडीज प्रॉब्लेम." ते एसीकडे बघत म्हणाले. "खाज, जळजळ, असलं काहीतरी. बऱ्याच जणींच्या तक्रारी आहेत. लॉट रिजेक्ट करतोय. परत घेऊन जा."

मे महिन्याच्या उन्हात मी डोंबिवलीहून कोलशेतला आले होते ते पुढच्या ऑर्डरचा रेट ठरवायला. रेट वाढवून घ्यायची तयारी करून आले होते. आणि इथे माझ्या मालावर आळ.

मी युनिफॉर्म शिवते. शाळांचे नाही, कारखान्यांचे. चाळीतल्या खोलीत परकर शिवण्यापासून आणि साड्यांना फॉल लावण्यापासून सुरुवात केली. आता एमआयडीसीत स्वतःचा गाळा आहे. मधलं सगळं मी भांडून मिळवलंय. कापडवाल्याशी भांडले, बँकेशी भांडले, गाळ्याच्या मालकाशी तर अजून भांडतेय. त्यामुळे पर्चेस मॅनेजरने आवाज चढवला की मला फारसं काही होत नाही. माझा आवाज आपोआप वर जातो, एवढंच.

"सर, हे कापड कोणी निवडलं?"

"तुम्ही दिलंत."

"मी दोन सँपल दाखवली होती. एक सुती जास्त असलेलं, एक पॉलिएस्टर जास्त असलेलं. मी म्हटलं होतं, उन्हाळ्याला सुती घ्या. तुम्ही म्हणालात, सुती लवकर विरतं."

"तो विषय आत्ता नको."

विषय तोच होता. पण मी खालमानेने एक डांगरी उचलली आणि उलटी केली.

डांगरी म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध कपडा. शर्ट आणि पँट एकात शिवलेले. ही कंपनी उन्हाळ्यात पाण्यात घालून प्यायच्या सरबताची पावडर बनवते, छोट्या पाकिटांत भरते. पावडर बारीक, गोड, चिकट. बायका बेल्टच्या शेवटी उभ्या राहून पाकिटं तपासतात आणि खोक्यांत भरतात. त्यांचे केस, धागे, काही म्हणजे काही मालात पडू नये म्हणून डांगरी. खिसा नाही, बटण नाही, आणि चेन पाठीवर.

मी पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासला. रंग उतरला नाही. शिवणीची टोकं चाचपली. टोचत नव्हती. मग चेन वर-खाली केली आणि थांबले. दुसरी उचलली. तिसरी.

"काय बघताय?"

"ह्या किती दिवस वापरात आहेत?"

"मार्चपासून."

"बाई दिवसातून पाच-सहा वेळा बाथरूमला जाते, सर. दर वेळी चेन पूर्ण उघडते, पूर्ण लागते. दोन महिन्यांत चेन सैल पडायला हवी. ह्या करकरीत आहेत. सकाळी लावली की संध्याकाळीच उघडत असणार."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला बायकांना भेटायचंय."

"शिफ्ट चालू आहे."

"मग जेवायच्या सुट्टीत. माझा लॉट नाकारताय ना? मग माझा माल कोण घालतंय ते बघायचा हक्क आहे मला."

ते नाही म्हणणार होते. पण मी तोपर्यंत केबिनच्या बाहेर पडले होते.

बायकांची चेंजिंग रूम हॉलच्या मागे, पत्र्याखाली. भरणीच्या मशीनला काचेची खोली आणि एसी, कारण दमट हवेत पावडर गोळा होते. बायकांना वर एक्झॉस्ट पंखे. चेंजिंग रूमच्या दाराशी लोखंडी रॅक होता आणि त्यात पाण्याच्या बाटल्या. प्रत्येकीवर पेनाने नाव. दुपार झाली होती, बाहेर उभं राहवत नव्हतं, आणि बाटल्या जवळजवळ सगळ्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

घंटा झाली, बायका बाहेर आल्या. मी कोण ते सांगितलं. तशी एक जाडजूड बाई पुढे आली.

"अच्छा, ह्या चेनवाल्या मॅडम! मॅडम, ही चेन एकटीला उघडत नाय. ड्युटीला नवऱ्याला घेऊन यायचं का सोबत?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून हसू गेलं.

इथे थोडं मागे जावं लागेल. आधी ह्या डांगऱ्यांना चेन पुढे होती. बेल्टवर वाकलं की ती खाली घसरायची. लाईन लीडर पुरुष, मशीनवाले पुरुष. एकदा एकीची चेन घसरली, कोणीतरी फिदीफिदी हसलं, आणि ती बाई आठवडाभर कामावर आली नाही. तेव्हा बायकांनीच मागणी केली की चेन मागे करा. कंपनीलाही बरंच वाटलं, कारण ऑडिटवाल्यांना पुढच्या बाजूला धातू नकोच होता. मी चेन मागे लावून दिली. सगळे खूश. हे ह्या लॉटच्या आधीचं, तेव्हा थंडी होती. थंडीत सरबत कोण पितं? बेल्ट सावकाश चालायचा. दोघी-दोघींच्या जोड्या ठरल्या. तू माझी चेन उघड, मी तुझी. जोडीने जायचं, जोडीने यायचं. कोणी काही बोलत नव्हतं.

उन्हाळा लागला आणि सीझन सुरू झाला. बेल्टचा स्पीड वाढला. लाईन लीडरने नियम केला, एका वेळी एकच बाई सुटणार.

"एकटी जाऊन काय करू?" ती जाडजूड बाई म्हणाली. "भिंतीला पाठ घासू? म्हणून मग कोणी जातच नाय. जेवणाच्या सुट्टीत काय ते. तेव्हा पण बाथरूम एक आणि आम्ही एवढ्या."

"आणि पाणी?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं ना, मॅडम."

"पाळीच्या दिवसांत?"

 एकीने नुसती मान हलवली. मला कळलं. सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत.

वर घामाला चिकटणारी साखरेची पावडर. आत हवा नाही. मांड्या सोलवटलेल्या. ह्यावर त्यांनी काय काय केलं होतं, तेही कळलं. कोणी टाल्कम पावडर थापत होतं. कोणी जाहिरातीतला सुवासिक वॉश आणला होता, आणि त्याने आग वाढली म्हणून अजून जास्त वापरत होतं. कोणी डेटॉल टाकून धूत होतं.

मी तिथेच ठरवलं. चेनच नको. वर सैल अंगरखा, खाली इलॅस्टिकची पँट, दोन्ही सुती. अंगरखा गुडघ्यापर्यंत, म्हणजे वाकलं तरी काही दिसणार नाही. सँपल कापायला मधल्या बांध्याचं माप हवं होतं. मी नजर फिरवली. कोपऱ्यातल्या बाकावर एक बाई गप्प बसली होती. डबा उघडलेला नव्हता.

"तुझं नाव काय गं?"

"रंजना."

"ये, तुझं माप घेते."

ती उठली. उठताना तिने कमरेवर हात दाबला. मी छाती घेतली, कंबर घेतली, सीट घेतली. मग आसन. आसन म्हणजे पँटीचा दोन पायांमधला भाग, कमरेच्या पुढून मागेपर्यंतचं अंतर. तिथे कपडा तंग झाला की बाईचे हाल. शेवटी खांदा घ्यायला टेप मानेवर टेकवली आणि माझी बोटं तिच्या मानेला लागली. गरम इस्त्रीला हात लागावा तसा मी हात मागे घेतला.

"ताप आहे तुला?"

"उन्हाळी लागलीय, मॅडम. धन्याजिऱ्याचं पाणी घेतेय. होईल बरं."

उन्हाळी लागणं आपल्याकडे कोणाला नवीन नाही. उन्हात लघवीला जळजळ झाली की घरातली कोणीतरी सांगतेच, सब्जा घे, धन्याचं पाणी घे, दोन दिवसांत जाईल. बऱ्याचदा जातेही. त्यामुळे तो आजार आहे असं कोणाला वाटतच नाही. उन्हाळ्याचा भाग वाटतो, घामोळ्यासारखा.

पण रंजना कुडकुडत होती. मे महिन्यात, पत्र्याखाली.

"कधीपासून?"

"आठवडा झाला असेल. मेडिकलवाल्याने गोळ्या दिल्या होत्या. दोन घेतल्या, बरं वाटलं, मग बंद केल्या. काल परत थंडी वाजली. उलटी झाली."

"तुझी जोडीदारीण कुठे आहे?"

"विमलताई? तिच्या मुलीचं लग्न आहे. सुट्टीवर गेलीय."

मी वर गेले. शिरीष सरांना सगळं सांगितलं. चेन, जोडी, एका वेळी एकच बाई, भरलेल्या बाटल्या. ते ऐकून घेत होते, पण त्यांची बोटं टेबलावर वाजत होती.

"मॅडम, डिझाइन बदलायचं म्हणजे ऑडिटला कारण द्यावं लागतं. सीझन संपू दे. जूनमध्ये बघू."

"जूनमध्ये तुमचा बेल्ट थांबेल. तेव्हा त्यांना काय फरक पडणार?"

"तुम्ही तुमच्या लॉटचं बोला."

"लॉटचं उद्या बोलू. आज त्या रंजनाला सोडा. तिला डॉक्टरकडे नेतेय."

लाईन लीडर म्हणाला, हाफ डे पडेल. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रंजना सुटली.

ती गेटवर आली तेव्हा डांगरीच्या वर पंजाबी ड्रेसचा टॉप घातलेला. मला वाटलं, घाईत चेन उघडायची राहिली.

"अगं, बदलून ये की."

"मी घरूनच घालून येते, मॅडम. विमलताई नाही ना, तर चेन कोण लावणार? घरी मुलगी लावून देते. मग घरी गेल्यावर तीच काढते."

"आणि दिवसभर?"

तिने टॉप खाली ओढून सारखा केला.

टिटवाळ्याहून कोलशेत. पहाटे निघायचं, संध्याकाळी उशिरा पोचायचं. तेवढा सगळा वेळ ती बाई त्या कपड्यात बंद होती. जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर कोणीही उघडून दिली असती. पण ती ह्या सीझनला लागलेली, नवीन. विमलशिवाय तिची कोणाशी ओळख नव्हती. रांगेत उभ्या असलेल्या बाईला म्हणायचं, तुझी जागा सोड, माझी चेन उघड, मग थांब, परत लाव. तिला ते जमलं नाही. म्हणाली, "त्यांचं जेवण मोडतं."

मी तिला गाडीत घातलं. कल्याणला एका डॉक्टरबाईंच्या नर्सिंग होमचे एप्रन मी शिवते, तिकडे निघाले. कापूरबावडीला ट्रॅफिकमध्ये अडकलो. रंजना काचेला डोकं टेकून बसली होती. मध्येच म्हणाली, "नवीन ड्रेसला चेन पुढे करणार का परत?"

"चेनच नाही. वर-खाली दोन कपडे. इलॅस्टिक."

"म्हणजे एकटीला जाता येईल?"

"येईल की."

ती जरा हसली. "मग बाटलीभर पाणी पिणार मी. थंडगार."

नर्सिंग होममध्ये सिस्टरला चेन कुठे आहे ते सापडेना. टॉप वर करून मीच ती उघडली. माझ्याच कारागिराने लावलेली चेन. आत पाठ घामाने पांढरी पडलेली, कमरेला आणि जांघेत कातडी सोललेली. सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "अरे देवा."

डॉक्टरबाईंनी तपासलं, लघवी आणि रक्त तपासायला पाठवलं, सलाईन लावलं. रिपोर्ट आल्यावर मला बाहेर बोलावलं.

"इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलंय. आणि शुगर भरपूर वाढलेली आहे. तिला डायबेटिस असल्याचं माहीत होतं का?"

तिलाच माहीत नव्हतं, मला कुठून असणार.

"मला नीट सांगा. मला कपड्यातलं कळतं, ह्यातलं नाही. कापडाने होतं का हे?"

"कापडाने घाम अडकतो. त्याने बाहेरून खाज येते, बुरशी येते. तुम्ही सांगताय त्या बाकीच्या बायकांना बहुतेक तेच असणार, त्यांनाही पाठवा माझ्याकडे. हिचं वेगळं आहे. बायकांची मूत्रनलिका आखूड असते. जंतू आत शिरले की वर पोचायला वेळ लागत नाही. पाणी प्यायलं, वेळच्या वेळी लघवीला गेलं, की बरेचसे वाहून जातात. दाबून ठेवलं की तिथेच वाढतात. शुगर असली तर आणखी वेगाने."

"ती म्हणत होती, उन्हाळी लागलीय."

"सगळ्या तेच म्हणतात. धन्याचं पाणी वाईट नाही हो. पण त्याने जंतू मरत नाहीत. जळजळ दोन दिवसांत गेली नाही तर लघवी तपासायची. आणि थंडी वाजून ताप, कमरेत कळ, उलटी, लघवीतून रक्त, ह्यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गोळ्या अर्धवट सोडायच्या नाहीत. अर्ध्यावर सोडल्या की जंतू दबतात, जात नाहीत."

मी वॉश, टाल्कम, डेटॉल सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाहेरून साधं पाणी पुरतं. आत काहीही घालायचं नाही. शरीर आतली सफाई स्वतः करतं. थोडा पांढरा स्राव असतोच, त्याला घाबरायचं नाही. वास आला, रंग बदलला, खाज आली, तर दाखवायचं. बाकी सुती आतला कपडा, ओला झाला की बदलायचा, पॅड चार-सहा तासांनी बदलायचं. ह्यात काही मोठं शास्त्र नाही. पण बदलायला जागा आणि वेळ कोणी देतं का?"

संध्याकाळी रंजनाची मुलगी आली, प्राची. बारावीची परीक्षा दिलेली, किडकिडीत पोर. वडील टेम्पो घेऊन नाशिकला गेलेले, ते परत निघाले होते. प्राचीच्या हातात आईचे धुतलेले कपडे होते. सिस्टरने डांगरी पिशवीत घालून तिच्याकडे दिली.

"मीच लावायचे चेन," ती मला म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "आई म्हणायची, वरपर्यंत घट्ट लाव, तिकडे कोणी नाही लावायला. मी म्हणायचे, आई, उकडत नाही का? ती म्हणायची, चल, उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी रंजनाला मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. जंतू रक्तात गेले होते. मी तिथूनच शिरीष सरांकडे गेले.

आता ते जरा मऊ होते. पण वेगळ्या कारणाने.

"मॅडम, वाईट झालं. पण तिला शुगर होती म्हणे. म्हणजे ते बाहेरचं कारण झालं."

"शुगर घरून आणली असेल. लघवी दाबायला तुम्ही लावली."

"आवाज कमी करा."

"नाही करणार."

त्यांनी दार लावलं. खुर्ची पुढे ओढली. आणि मग जे बोलले ते बोलायला ते सकाळपासून तयारी करत असणार.

"तुम्हाला टू-पीस पाहिजे ना? आज पास करतो. पण ऑडिटला कारण द्यावं लागेल. आमचा नियम चुकला असं मी लिहू शकत नाही, माझी नोकरी जाईल. कापड खराब निघालं, म्हणून लॉट रिजेक्ट केला आणि डिझाइन बदललं, हे लिहू शकतो. तुम्ही रिजेक्शन मान्य करा. सही करा."

मी आयुष्यभर सौदे केले. समोरच्याला काय हवंय ते मला त्याच्याआधी कळतं. त्याला एक दोषी हवा होता, बाहेरचा. मी नाही म्हटलं असतं तर भांडण जूनपर्यंत चाललं असतं आणि मी जिंकले असते. माझ्या कापडाचा टेस्ट रिपोर्ट होता. सुती कापड सुचवल्याचा मेलसुद्धा होता. पण जूनपर्यंत त्या बायका त्याच डांगरीत उभ्या राहिल्या असत्या.

"माझ्याही अटी आहेत," मी म्हटलं.

"बोला."

"उद्यापासून बाई लाईन लीडरला न विचारता जाईल. चेनची डांगरी आहे तोवर जोडीने जाईल. दोघी सुटल्या की बेल्ट स्लो करायचा. पाण्याचा जार हॉलच्या दाराशी. आणि दुसरं बाथरूम."

"बाथरूम माझ्या हातात नाही."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला आत्ता फोन लावा. मी बसलेय."

त्यांनी लावला. बाथरूम सोडून बाकी सगळं मान्य झालं. बाथरूमचं "प्रपोजल टाकतो" म्हणाले. मी सही केली. ज्या कापडात खोट नव्हती ते कापड माझ्या सहीने खोटं ठरलं. इतका पडता सौदा मी आधी कधी केला नव्हता, नंतरही नाही.

डोंबिवलीला येऊन त्याच संध्याकाळी सँपल कापायला घेतलं. रंजनाच्या मापाचा खाका जाड पुठ्ठ्यावर काढला. कापड सुती, धुऊन आटवलेलं. आसन दोन बोटं सैल ठेवलं. कारागीर म्हणाला, सकाळी शिवू. मी म्हटलं, आत्ता शिवायचं, मी शिवते.

शिवून झालं. ते तिला घालून बघायचं होतं. पण रंजनाने तो आठवडा काढला नाही.

टिटवाळ्याला त्यांच्या नव्या बिल्डिंगमध्ये पुण्यानुमोदनाला गेले. पांढऱ्या चादरीवर तिचा फोटो, पुढे मेणबत्त्या, भन्तेजींचा शांत आवाज. खोली भरलेली. कंपनीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यात एक सावळी, उंच बाई होती, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, नखांवरची हळद अजून गेलेली नव्हती. मला सांगायची गरज नव्हती ती कोण ते.

जेवणं झाल्यावर ती जिन्यात माझ्याजवळ आली.

"मना एक फोन केला असता ना गं तिनं," विमल म्हणाली. "माझं घर कोलशेत गावात. कंपनीच्या भिंतीला लागून. जेवनाच्या सुट्टीत येऊन चेन उघडून गेली असती मी. काय लागतं त्याला?"

"लग्नघरात कशाला त्रास, असं वाटलं असेल तिला."

"लग्नाला बोलवली होती मी तिला. हलदीला पन. बोलली, सीझन आहे, सुट्टी नाय मिलत." तिने पदराने डोळे पुसले. "मॅडम, तुमाला सांगते, मना तिचा चेहरा नीट आठवत नाय. रोज तिची पाठच समोर असायची. मानेवर एक तील होता. तोच दिसतो."

आतून प्राची आली. तिने माझ्या हातात पिशवी दिली. धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेली डांगरी.

"कंपनीत जमा करायची असते ना?" ती म्हणाली. "आईच्या नावावर राहायला नको."

मी पिशवी घेतली. दुसरं काय करणार होते?

टू-पीस पास झाला. रिजेक्ट केलेल्या लॉटच्या बदल्यात तो मीच शिवून दिला. बायकांच्या अंगावर तो आला तेव्हा मे संपत आला होता. डॉक्टरबाईंनी एक दुपार येऊन बायकांना तपासलं, औषधं दिली, प्रत्येकीची शुगर बघितली. आणखी दोघींची वाढलेली निघाली. दोघींनाही माहीत नव्हतं. दाराशी पाण्याचा जार आला. रॅकमधल्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या व्हायला लागल्या. दुसऱ्या बाथरूमचं प्रपोजल अजून टाकलेलंच आहे. मी दर महिन्याला फोन करून शिरीष सरांना आठवण करते. ते आता माझा फोन लगेच उचलत नाहीत.

पुढच्या सीझनची ऑर्डर मला मिळाली नाही. ज्याचं कापड रिजेक्ट झालंय त्याला ऑर्डर देता येत नाही, हा त्यांचा नियम. भिवंडीचा एक जण माझ्यापेक्षा कमी रेटने शिवून देतो. घोडबंदर रोडच्या दोन कंपन्यांनीही विचारलं, तुमच्या कापडाचं काहीतरी झालं होतं ना? मी दर वेळी सगळं सांगत बसत नाही. राग येतो. अजूनही येतो. माझं कापड चांगलं होतं.

पण एक गोष्ट त्या भिवंडीवाल्याला माहीत नाही. कंपनीने त्याला शिवायला खाके दिले ते माझे आहेत. त्यातला मधला, ज्याला ते मीडियम म्हणतात, तो रंजनाच्या अंगावरून काढलाय. मीडियम सगळ्यात जास्त खपतो. त्या बेल्टवरच्या निम्म्या बायका तिच्या मापात उभ्या असतात. एकट्या बाथरूमला जातात, एकट्या परत येतात.

नवीन गिऱ्हाईक आलं आणि बायकांचा युनिफॉर्म मागितला की मी आता रंग, लोगो, रेट नंतर विचारते. आधी विचारते, बाथरूम किती आहेत, आणि बाईला तिथे जायला कोणाची परवानगी लागते. गिऱ्हाईक चिडतं. म्हणतं, शिवणाऱ्या बाईला काय करायचंय ते. मी सांगते, कपडा अंगात कसा जातो ते सगळेच बघतात. तो काढायला किती जण लागतात तेही ऑर्डर देण्याआधी बघावं. नंतर बघितलं तर फक्त माप हातात राहतं.